ओळख न मागणारं नातं

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भेटायला गेलं की आपल्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो : "मी कोण, सांग बरं?" परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, पुतण्या विचारतो, दिवाळीला आलेली नातवंडं विचारतात. नाव बरोबर आलं तर घरभर आनंद. नाही आलं तर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. समोरच्याला प्रश्न कळलेला नसतो, पडलेला चेहरा मात्र कळतो. त्याच खोलीत औषधांचा डबा भरत एक बाई बसलेली असते. हा प्रश्न तिने कधी विचारलेला नसतो.

ब्युरोकडून आलेली ही बाई, म्हणजे आपल्या घरांतली 'मावशी'. ड्युटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, रात्री उठून बसलेल्या पेशंटला समजावून पुन्हा निजवणं हे तिचं काम. तिचं आणि पेशंटचं जुळलं की घरचे एक तर म्हणतात, "पैशासाठी करते," नाही तर "अगदी घरच्यासारखी आहे." पहिल्या बोलण्यात अन्याय आहे, हे लगेच लक्षात येतं. दुसऱ्यातही तो आहे, हे सहसा येत नाही.

घरच्यांना रोज दोन माणसं दिसत असतात, एक पूर्वीचं आणि एक आताचं. हिशेबाला चोख असलेले वडील आज शर्टाचं बटण लावू शकत नाहीत, हे पाहताना मुलीचा जीव तुटतो आणि त्याच दुःखातून ती चिडतेही. तिला दोष देता येणार नाही. मावशींनी मात्र ते हिशेबी वडील पाहिलेलेच नसतात. त्यांची ओळख आताच्या माणसाशी झालेली असते आणि त्यांच्या लेखी तो पुरा माणूस असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटाने हे फार खोलात जाऊन दाखवलं आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत हरवतात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. म्हणूनच ती त्यांना जसे आहेत तसे पदरात घेऊ शकते.

"पण मावशी गेल्या की पाच मिनिटांत विसरतील," असं यावर कुणी म्हणेल. नाव विसरतील, हे खरं. पण अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाची आणि दुःखाची चित्रपटदृश्यं दाखवली. थोड्याच वेळात रुग्ण दृश्यं विसरले, पण त्यांतून आलेला आनंद आणि विशेषतः दुःख मनात टिकून राहिलं. कारण पुसलं गेलं तरी भावना मागे राहते. म्हणजे सकाळी कुणी खेकसून अंघोळ घातली असेल, तर दुपारी पेशंट कासावीस होतो आणि का, ते त्याला सांगता येत नाही. मायेने घातली असेल, तर तेही असंच अंगात मुरतं.

ही माया नुसती स्वभावातून येत नाही, ती कामातून कमावलेली असते. माझ्या आत्याला दिवस कलला की "घरी जायचंय" हा ध्यास लागायचा. घर म्हणजे साताऱ्याचा माहेरचा वाडा. तिची मुलगी पोटतिडकीने सांगायची, "अगं, हेच तुझं घर." त्यावर आत्या जास्तच बिथरायची. मावशी म्हणायच्या, "जाऊ की आजी. यष्टी सहाला हाय. तवर वेणी घालू." केस विंचरता विंचरता वाड्यातल्या विहिरीच्या गोष्टी निघायच्या आणि सहा कधी वाजून गेले ते आत्याला कळायचंही नाही. वाद न घालता माणसाच्या भीतीला हात घालायचं हे कसब मी शिकल्यासवरल्या माणसांत क्वचित पाहिलं आहे.

या नात्याची सर्वांत कठीण परीक्षा चोरीच्या आरोपाने होते. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ती कुणी तरी घेतली असणार, असा निष्कर्ष आजारी मेंदू काढतो आणि बोट जवळच्या माणसाकडे जातं. दिवसभर जवळ मावशीच असतात. हा आजाराचा भाग आहे, हे घरच्यांना ठाऊक असतं, तरी संध्याकाळी त्यांची पिशवी तपासली जाते. पेशंटचा आरोप मावशी पोटात घालतात, पण पिशवीला लागलेला घरच्यांचा हात त्यांच्या मनाला लागतो. असा आरोप होईल आणि आमचा तुमच्यावर संशय नसेल, हे पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

पेशंटला मारणारी, झोपेच्या गोळ्या देऊन गप्प करणारी माणसंही या कामात आहेत. त्यांच्यापासून रक्षण झालंच पाहिजे. पण प्रशिक्षण नाही, सुट्टी नाही, चोवीस तासांत सलग झोप नाही, अशा कामात कुणाचा संयम किती टिकेल? कॅमेरा लावून तो वाढत नाही.

इथे 'घरच्यासारखी' म्हणण्यातला अन्याय उघडा पडतो. घरच्या माणसाला पगारवाढ मागता येत नाही आणि रजा मागणं वाईट दिसतं. पेशंट वारला तर मावशींचं माणूसही जातं आणि कामही, एकाच दिवशी. दहाव्यापर्यंत ब्युरोने त्यांना दुसऱ्या घरी पाठवलेलं असतं. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. जर्मनीने १९९५मध्ये आणि जपानने २०००मध्ये अशा दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आणला. महाराष्ट्रात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण शुश्रूषेचं काम धुण्याभांड्यांहून वेगळं कौशल्याचं आहे. त्याला प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ठरलेले तास आणि साप्ताहिक सुट्टी हवी. माया आणि मोबदला यांचं वैर नाही. शिक्षक आणि डॉक्टर यांच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केलं आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तुमच्या घरी मावशी असतील तर काही गोष्टी आजच करता येतील. आठवड्याची सुट्टी भरपगारी द्या. माणूस बदलायची वेळ आलीच, तर जुन्या आणि नव्या मावशींना आठवडाभर एकत्र राहू द्या, त्याचे जादा पैसे मोजा. एका रात्रीत चेहरा बदलला की पेशंटचा आधारच तुटतो. आणि पेशंट गेला, तर नातेवाइकांना कळवाल तेव्हाच मावशींनाही फोन करा, त्यांना अंत्यदर्शनाला बोलवा आणि पुढच्या महिन्याचा पगार हातात द्या.