कर्जाच्या वेळी सल्ला कोणाचा घ्यावा?



संत लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायातला कारभाऱ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो. तेलाच्या शंभर मापांची पन्नास करतो, गव्हाच्या शंभरांची ऐंशी. दाखल्याचा मुख्य बोध वेगळा आहे आणि प्रवचनात तो आपण घेतोच. आज मला त्या ऋणकोंविषयी बोलायचे आहे. कर्ज कमी झाले म्हटल्यावर ते बिचारे आनंदाने लिहून देऊन गेले असतील. ‘यात तुझे काय?’ असे एकानेही विचारल्याचे लूक सांगत नाही. कारभाऱ्याचे तर त्यात पुष्कळ होते. त्याला उद्यासाठी आसरा हवा होता.

आज असे कारभारी मोबाईलवरच्या जाहिरातींत भेटतात. कर्ज निम्म्यावर आणून देतो, वसुलीवाल्यांचे फोन बंद करतो, असे सांगतात. मुलीचे लग्न, घराचे काम, आजारपण यांत क्रेडिट कार्ड, पतपेढी आणि ॲपचे कर्ज एकावर एक चढलेल्या माणसाला हे शब्द देवदूताचे वाटतात. काही जण फी आधीच घेतात आणि म्हणतात, हप्ते थांबवा, म्हणजे बँक तडजोडीला येईल. बँक कधी कधी येतेही. पण तोवर व्याज आणि दंड चढत राहतात. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो; खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तरी 2007 च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. तडजोड झालीच तर सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर तो आडवा येतो. हे तो लपवतोच असे नाही. कधी सांगतो, बारीक अक्षरांत.

मग विश्वास कोणावर ठेवावा? प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. ज्याला वैद्यक कळत नाही त्याने खरा वैद्य आणि भोंदू यांत फरक कसा करावा, हा पेच प्लेटोने एका संवादात मांडला आहे. ज्ञान पारखायला ज्ञान लागते, आणि ते असते तर सल्ल्याची गरजच पडली नसती. ॲरिस्टॉटलच्या मते बोलणाऱ्यावर विश्वास बसतो तो त्याची समज, त्याचे शील आणि आपल्याविषयीची सदिच्छा यांमुळे. पण समज आपल्याला मोजता येत नाही, शील चार भेटींत कळत नाही, आणि सदिच्छेचे सोंग तर सर्वांत सोपे. कर्जाने मान खाली गेलेल्या माणसाला गोड बोलणारा प्रत्येक जण आपला वाटतो.

सामान्य माणसाला तपासता येईल अशी एकच गोष्ट मला दिसते: मी काय ठरवतो यावर याचा लाभ अवलंबून आहे का? फी घेणे हे पाप नव्हे. पण ठरलेली फी घेऊन ‘टेम्पो विका आणि हप्ते चालू ठेवा’ असे सांगू शकणारा वेगळा, आणि तडजोड झाली तरच टक्केवारी मिळणारा वेगळा. दुसरा वाईटच असेल असे नाही. त्याला खरे बोलणे महाग पडते, इतकेच. फुकटच्या सल्ल्यालाही हीच कसोटी लावा. तुमच्या जागेवर डोळा असलेला काका फी घेत नाही. ज्याने आपल्याला व्याजाने पैसे दिले आहेत तो कितीही जवळचा असला, तरी त्या कर्जाबाबत त्याचा सल्ला घेऊ नये.

रिझर्व्ह बँकेनेही हे ओळखले होते. 2009 साली बँकांच्या कर्जसल्ला केंद्रांची योजना आखताना, केंद्राने आपल्याच बँकेपासून अंतर राखावे असे तिने सांगितले. 2012 पासून ती आर्थिक साक्षरता केंद्रे झाली. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे त्यांची चौकशी करता येते. पैसे लागत नाहीत. (सल्ला किती खोलात मिळेल ते समोर बसलेल्या माणसावर आहे, हेही सांगून ठेवतो.) खासगी सावकार असेल तर त्याचा परवाना आहे का, ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. कोर्टाची नोटीस आली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते.

काही जण म्हणतात, “फादर, तुम्हीच सांगा.” सदिच्छा माझ्यापाशी आहे, पण तत्त्वज्ञानाच्या पदवीत चक्रवाढ व्याज शिकवत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र एक गोष्ट शिकवली आहे: व्यवहारातल्या शहाणपणात कोणीच स्वयंपूर्ण नसतो, म्हणून दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हा शहाणपणाचाच भाग. तेव्हा विचारायला जाण्यात लाज नाही.

लाज घात करते ती दुसरीकडे. सल्लागारासमोर आपण चार कर्जे मांडतो आणि पाचवे लपवतो. भिशीचे, मेव्हण्याचे किंवा बायकोला माहीत नसलेले. अर्धी हकिगत ऐकून तो अर्धाच सल्ला देणार. पहिल्याच भेटीत जो म्हणतो, “पुढच्या वेळी दोघे या, सगळे कागद घेऊन या,” त्याच्याकडे पुन्हा जा. “घरी सांगू नका” म्हणणाऱ्याकडून मात्र तिथल्या तिथे उठून या, भरलेली फी परत मिळो वा न मिळो.

– प्रमुख धर्मगुरू