दयेची गोळी
मावळात, लोणावळ्याच्या दऱ्यांत सांबर-भेकरांची शिकार होई, तेव्हा शिकारी नवी काडतुसे पारखून घेत. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच पसरते, जनावर लवकर मरते. म्हणून आपण तिला दयेची म्हणतो. अशीच पसरणारी गोळी १८९९ साली हेग परिषदेने युद्धात वर्ज्य ठरवली. कारण सैनिकाला जायबंदी करणे पुरते, हरणाला मारायचेच असते. म्हणजे आपली दया मारायचे ठरल्यानंतर सुरू होते.

सुरीला धार हवी, हे खरेच. पण एहराममधल्या माणसाला रानातली शिकारच मना आहे. तिथे धारेचा प्रश्नच उरत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मावळातल्या शिकाऱ्याचाही हात असाच थांबवला. शिकारीच्या जुन्या गप्पांत आता नेमाचे कौतुक पुरे. मारायची गरज होती का, हे आपण विचारू या.