तासाभराचं अंतर

परवा नातीनं विचारलं, "आज्जी, बेळगावहून मुंबईला विमानानं किती वेळ लागतो गं?" मी म्हटलं, "तास-सव्वा तास." त्यावर पोरगी म्हणाली, "मग तीन वर्षांत तू आक्काआजीकडे एकदापण कशी गेली नाहीस?" मला उत्तर देता आलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तेव्हा विमान हे आपल्यासाठी नसतंच, असं आम्ही धरून चालायचो. सूर्यास्ताआधी जेवायचं, सकाळसाठी दशम्या बांधून घ्यायच्या आणि रात्रीची एसटी धरायची. रस्त्यानं जवळजवळ ५०० किलोमीटर. अंग आंबून जायचं. तरी वर्षातून दोनदा मी जायचेच.

आकाशातून हेच अंतर सरळ रेषेत ४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. अर्थात 'तास-सव्वा तास' हाही पुरता खरा हिशेब नव्हे. गावातून सांबऱ्याचा विमानतळ १० किलोमीटर, तिथं दोन तास आधी पोचायचं, मुंबईत उतरून सामान घ्यायचं आणि पुढं डोंबिवली गाठायची. दारापासून दारापर्यंत सहा तास धरा. पण हे सगळं धरूनही एसटीच्या निम्माच वेळ. म्हणजे अंतराची सबब चालत नाही.

मग अडलं कुठं? "तासाभराचं तर आहे, कधीही जाता येईल," असं मी म्हणत राहिले. त्या 'कधीही'नं तीन वर्षं खाल्ली. वाट लांबची होती तेव्हा वार ठरवावा लागायचा, आणि एकदा ठरला की जावंच लागायचं.

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा घालून घ्यायची. त्याच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी सांगितली आहे, आणि घातलेली मर्यादाच विसरून जाणं हाही अतिचार. लहानपणी स्वाध्यायात ऐकताना वाटायचं, हे काय अवघड? आपण जातोच कुठं! आता लग्नकार्यांना दिल्ली झाली, लेकाकडे दुबई झाली. किती दिशा वाढल्या, मी कधी मोजलं नाही. मी व्रत घेतलेलं नाही, म्हणून दोष लागत नाही, असं म्हणून सुटता येईल. पण पाय कुठं वळवायचे हे मी ठरवते, की सोय ठरवते, हा प्रश्न काही सुटत नाही.

आर्यिका माताजी चार हात जमीन पाहत चालतात. दिवसाला २० किलोमीटर धरले, तर मुंबईहून बेळगावला २५ दिवस. त्यांचं एकेक पाऊल जाणून टाकलेलं असतं. मी आकाशातून जाते आणि कुठं जायचं राहिलं, हे नातीला विचारावं लागतं.

संध्याकाळी आक्काला फोन लावला. म्हटलं, "येते मी." वाटलं, विमानानं का एसटीनं, ते विचारेल. ती म्हणाली, "कशानंही ये बाई, पण वार सांग."

मी वार सांगितला.