घरात आजार कोणी आणला?

२०२२ च्या जानेवारीत आमच्या घरी एकामागून एक सगळे आजारी पडले. प्रथम मुलाचा घसा धरला, तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा, मग आमचा. आणि शेवटी एकोणऐंशी वर्षांच्या आमच्या आईला ताप भरला. आम्ही तिघे चार दिवसांत हिंडूफिरू लागलो. आई मात्र तीन आठवडे अंथरुणावर होती. तिच्या खोलीच्या दाराशी उभे राहून आम्हीच मोठ्याने विचारले, "हे घरात आणलं कोणी?" मुलाने मान खाली घातली.

वाचकहो, हा प्रश्न त्या महिन्यात कितीतरी घरांत विचारला गेला असेल. तो विचारण्याचा अधिकार कोणाला होता?

ओमायक्रॉन ही विषाणूची नवी जात. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला हे नाव दिले आणि २ डिसेंबरला भारतातले पहिले दोन रुग्ण कर्नाटकात सापडल्याचे जाहीर झाले. ती फुप्फुसांपेक्षा नाकाघशात अधिक वाढते, म्हणून पुष्कळांना ती पडशासारखी वाटली. परंतु तिची एक खोड अशी, की घसा धरण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस ती दुसऱ्याला देऊ लागतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. डेन्मार्कमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे १२ हजार घरे पाहिली गेली. पहिल्या रुग्णाच्या घरातील इतर माणसांपैकी आधीच्या डेल्टाने २१ टक्क्यांना गाठले होते, ओमायक्रॉनने ३१ टक्क्यांना.

तेव्हा त्या पहिल्या दोन दिवसांचा दोष कोणावर घालायचा? एका ताटाभोवती बसणे, म्हातारीचे पाय चेपणे, हा काही गुन्हा नव्हे. जे ठाऊकच नव्हते, त्याचा जाब विचारता येत नाही.

पण ठाऊक झाल्यानंतरचे काय? अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले, की ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण घरात वेगळा राहिला तेथे इतरांपैकी ४१.२ टक्क्यांना लागण झाली, आणि राहिला नाही तेथे ६७.५ टक्क्यांना. म्हणजे सगळेच काही आपल्या हाताबाहेर नव्हते. येथे आम्हांला आमची कबुली द्यावी लागते. मुलाने पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते, "बाबा, घसा खवखवतोय, मी माडीवर झोपतो." आम्ही म्हणालो, "साधं पडसं आहे. नाटकं नकोत. आजीजवळ बस जा, ती वाट बघतेय."

'साधं' हा शब्द आम्ही स्वतःच्या छातीवर हात ठेवून उच्चारला. आईच्या छातीचा विचार केला नाही. चाळिशीतल्या, लस घेतलेल्या माणसाचा सौम्य आजार हा घरातल्या प्रत्येकाचा सौम्य आजार नसतो. हाँगकाँगमध्ये २०२२ च्या आरंभी ह्याच 'सौम्य' जातीने सुमारे ९ हजार माणसे नेली. बहुतेक वृद्ध, आणि त्यांतले पुष्कळ लस न घेतलेले.

आणि तो दाराशी विचारलेला प्रश्न? त्याने आणखी एक नुकसान केले. ज्या घरात आजार आणणारा शोधला जातो, तेथे पुढच्या वेळी घसा खवखवला तर पोर तोंड मिटून राहील. ज्याने वेळेवर सांगितले, त्यालाच आम्ही मान खाली घालायला लावली.

आई उठून बसू लागली तेव्हा तिच्याजवळ हे सारे बोललो. ती म्हणाली, "मीच त्याला हाक मारली होती रे. आणि गार वारा लागतो म्हणून खिडकीही मीच लावून घेतली होती."

मुलाशी बोलायला मात्र आम्हांला आणखी दोन दिवस लागले.