दिमिष्काच्या वाटेवरील पौल

धर्मनिष्ठा हा सद्‌गुण आहे, याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु मनुष्य आपल्या शास्त्राला अक्षरशः जागत असतानाच त्याच्या हातून घोर अन्याय घडत असेल, तर दोष कोणाचा? त्या मनुष्याचा की शास्त्राचा? हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात मूर्तिमंत उभा राहिला, तो पुरुष म्हणजे ख्रिस्ती संप्रदायाच्या आरंभकाळातील प्रेषित पौल.

पौल हा तार्स नगरीचा यहुदी. पंथाने परूशी, म्हणजे नियमशास्त्राच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरणारा. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, नियमशास्त्राच्या कसोटीवर आपण निर्दोष होतो. आणि त्याच दमात सांगतो की, येशूच्या अनुयायांचा आपण छळ करीत होतो. त्याच्या पुढील साऱ्या तत्त्वविचाराचे बीज या दोन विधानांच्या सान्निध्यात आहे, असे आम्हांस वाटते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार महायाजकाची अधिकारपत्रे घेऊन तो दिमिष्काकडे, म्हणजे दमास्कसकडे, निघाला असता वाटेत त्याला येशूचे दर्शन घडले. ही कथा त्या ग्रंथात तीनदा येते. पौल स्वतः मात्र आपल्या पत्रांत तिचा विस्तार करीत नाही. ईश्वराने आपणांस बोलाविले, तेही परराष्ट्रीयांकडे जाण्यासाठी, एवढाच त्याच्या सांगण्याचा मथितार्थ.

या अनुभवाने त्याचा विचार कसा फिरला? टांगलेला मनुष्य शापित होय, असे नियमशास्त्राचे वचन होते. मग क्रुसावर मेलेला येशू तारणारा कसा ठरावा? दर्शनानंतर पौलाची खात्री झाली की, त्या शापितालाच ईश्वराने उठविले आहे. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर, खालच्या न्यायालयाचा निकाल वरिष्ठ न्यायालयाने फिरविला. कायदा खोटा नव्हता, न्यायाधीशही अप्रामाणिक नव्हता. तरी निकाल चुकला होता. म्हणूनच रोमकरांस लिहिताना पौल नियमशास्त्राला पवित्रच म्हणतो. परंतु मनुष्य नीतिमान ठरतो तो त्याच्या पालनाने नव्हे, तर ईश्वरी कृपेने आणि विश्वासाने, असे प्रतिपादितो. त्याला स्वतःला कृपा लाभली ती छळाच्या मोहिमेवर असताना. ती आपण कमावली, असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

यातूनच दुसरे सूत्र निघाले. कृपा जर कमवावी लागत नाही, तर सुंता आणि भोजनाचे नियम यांची भिंत परराष्ट्रीयांपुढे का उभारावी? अंत्युखियास पेत्र त्यांच्या पंक्तीतून बाजूस सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मग पौलाने धर्म बदलला काय? त्या काळी ख्रिस्ती नावाचा वेगळा धर्म अजून उभाच राहिला नव्हता. क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश विद्वानाने या घटनेस धर्मांतर न म्हणता पाचारण म्हटले. यास आम्ही एक पुरावा जोडतो. यहुद्यांकडून आपण पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले, असे पौल लिहितो. ज्याने न्यायालयाचा अधिकारच झुगारला, तो त्याची शिक्षा पाच पाच वेळा कशास सोशील?

धर्मांतर हा शब्द निघाला की गोव्याच्या वाचकांस सोळाव्या शतकात पाडलेली देवळे आणि १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन आठवते. जुन्या गोव्यातील जेझुइटांचे विद्यालय तर याच पौलाच्या नावाने प्रसिद्ध होते. ते दुःख खरे आहे. परंतु अधिकारपत्रे घेऊन दुसऱ्याच्या श्रद्धेवर चालून जाणारा पौल हा दर्शनापूर्वीचा पौल होय. नंतरचा पौल फटके मारणारा नव्हे, फटके सोसणारा आहे.

आणि हे केवळ परक्यांस ऐकविण्यासारखे नाही. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. दार अडविणारे सारेच दुष्ट होते, असे आम्हांस वाटत नाही. त्यांतील कित्येक शास्त्राशी प्रामाणिक असतील. पौलही प्रामाणिक होता. तेव्हा शास्त्राच्या आधारे कोणास बाहेर ठेवण्याचा प्रसंग आला, तर आपण प्रामाणिक आहोत एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यावयाचा, त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला ऐकू आला, तो त्या छळलेल्यांच्याच प्रभूचा आवाज होता.