मदतनीस आणि मित्र

नाशिकमध्ये १९७७ साली रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या गरजेतून प्रबोधिनी विद्यामंदिर ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली, तेव्हा या मुलांना शिकवता येते, हेच आधी समाजाच्या गळी उतरवावे लागत होते. तो टप्पा बराचसा मागे पडला असला, तरी शाळा सुटल्यावर या मुलाशी खेळायला कोण येते आणि त्याच्या वाढदिवसाला नातेवाईक वगळता कोण असते, हा प्रश्न अजून घरापुरताच उरला आहे. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

वास्तविक कायद्याने हा विषय वगळलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील सोळावे कलम समावेशित शिक्षणाविषयी, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील अशा व्यवस्थेविषयी आहे, आणि शैक्षणिक विकासाबरोबरच मुलाचा सामाजिक विकासही जास्तीत जास्त होईल असे वातावरण त्यात अपेक्षिलेले आहे. प्रत्यक्षात मात्र समावेशनाची मोजदाद पटावरील नावांवर थांबते. एका बाकावर बसवले की मुले आपोआप जवळ येतील, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक किती कच्चे आहे, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील १९५४ च्या ग्रंथात दाखवले होते. दोन गटांतील संपर्काने दुरावा कमी व्हायचा असेल, तर त्या संपर्कात दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, परस्परांच्या सहकार्याने काम व्हावे आणि संस्थेचा त्याला स्पष्ट पाठिंबा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर्गातील ‘हुशार’ मुलीला ‘तू हिच्याकडे लक्ष दे हं’ असे सांगून शिक्षिका तिला शेजारी बसवते, तेव्हा हेतू चांगला असूनही नेमकी पहिलीच अट मोडते. ती मुलगी दप्तर उचलते, डबा उघडून देते, फळ्यावरचे उतरवून देते आणि मधल्या सुट्टीत आपल्या मैत्रिणींकडे निघून जाते, कारण तिला मिळालेली भूमिका मदतनिसाची असते. जिला सतत घ्यावेच लागते आणि काही देण्याची संधी कधीच मिळत नाही, तिच्याशी कोणी मैत्री करत नाही, तिची काळजी घेतात. म्हणून कॅरममध्ये जोडीदार होणे, स्नेहसंमेलनात ढोलकीची साथ करणे किंवा वर्गाच्या कुंड्यांची जबाबदारी वाटून घेणे, असे ज्यात दोघांवाचून काम अडते ते प्रसंग शिक्षकांनी जाणीवपूर्वक घडवावे लागतात, आणि ते घडू लागले की मोठ्यांनी चार पावले मागेही सरावे लागते. प्रत्येक संभाषणात मध्यस्थी करणारी मदतनीस ताई जवळ उभी असेल, तर मुले तिच्याशीच बोलतात.

संवाद जमत नाही, याचा दोषही सरसकट दिव्यांग मुलाच्या पदरात टाकला जातो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये याला उत्तर म्हणून ‘दुहेरी समानुभूतीची अडचण’ ही कल्पना मांडली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन ओळखणे जड जाते, तसेच इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन ओळखता येत नाही, असा तिचा आशय आहे. तेव्हा नजर मिळवण्याचे धडे एकाच मुलाला देणे अन्यायाचे आहे. मान वळवून ऐकणाऱ्या मित्राचे लक्ष आपल्याकडेच असते, हे वर्गातील बाकीच्यांनीही शिकायला हवे.

याच कारणाने विशेष शाळेतील मैत्रीला दुय्यम मानणे चुकीचे ठरते. समान अडचणी असलेल्या दोन मुलांना तेथे एकमेकांपुढे सिद्ध करण्यासारखे काही नसते; ती भांडतात, रुसतात, पुन्हा डबा वाटून खातात, आणि रुसण्याची ही मुभा फार मोलाची आहे. मात्र या मैत्रीवर एक साधा भौगोलिक घाला पडतो. नाशिकमध्ये शाळा सुटताच एकाची रिक्षा पंचवटीकडे, दुसऱ्याची सातपूरकडे आणि तिसऱ्याची देवळालीकडे वळते, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची गाठ घालून देण्याचे भान मोठ्यांना क्वचितच असते.

निरोगी मैत्रीचा आणखी एक भाग म्हणजे नकार, आणि त्याबद्दल पालक सहसा बोलत नाहीत. मोठ्यांचे मुकाट्याने ऐकणे हाच सद्गुण म्हणून ज्या मुलाला वर्षानुवर्षे शिकवले गेले, तो मैत्रीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्याला किंवा नकोसा स्पर्श करणाऱ्याला ‘नको’ कसे म्हणणार? खाऊ दिला तरच बोलणारा मित्र नव्हे, ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणणारा तर नव्हेच, ही ओळख चित्रांतून, छोट्या नाट्यप्रवेशांतून आणि पुन्हा पुन्हा सरावाने द्यावी लागते. आणि घरात एखाद्या दिवशी मुलाने मावशीला मिठी मारायला नकार दिला, तर तो मानावाही लागतो.

विशेष शिक्षक प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या मुलाच्या गरजेनुसार वर्षाची उद्दिष्टे ठरवणारे टिपण, तयार करतात. त्यात नाणी ओळखणे आणि बटणे लावणे असते, तसेच मुलाने स्वतः निवडलेल्या एका मित्राचे नाव, त्याच्या पालकांचा फोन आणि महिन्यातून दोन शनिवारी कोणी कोणाला कोणाच्या घरी पोहोचवायचे, हेही असावे. अठराव्या वर्षी शाळा सुटून संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे देखरेखीखाली जमेल तेवढे काम करून मोबदला मिळवण्याच्या ठिकाणी, जाण्याची वेळ येईल, तेव्हा प्रवेश ठरवताना त्या टिपणातील मित्राचे नावही विचारात घेता येईल.