न वापरलेली ताटली

विसाव्या शतकाच्या मध्यावर बनलेल्या जपानी डिनर सेटांच्या जाहिरातींत ‘एकदाही न वापरलेला’ असा शेरा प्रशस्तीदाखल मारलेला असतो, तो मला खटकतो. सोनेरी कड शाबूत, झिलईवर सुरीचा करडा ओरखडा नाही, म्हणून संग्राहक चढा दाम मोजणार. म्हणजे जिच्यात कोणी घासभर जेवले नाही ती ताटली श्रेष्ठ! हौस आणि हव्यास यांत मी जो भेद मानीत आलो आहे, त्यानुसार हे प्रकरण उघडच दुसऱ्या सदरात पडते.

सोएत्सु यानागी माझ्या बाजूने साक्ष देतील. 1936 साली तोक्योत लोककलेचे संग्रहालय उभारणाऱ्या या विचारवंताच्या मते अनाम कारागिराच्या भांड्याचे सौंदर्य नित्याच्या वापरातच फुलते. सिद्धान्त देखणा खरा, पण वापराची महती गाणाऱ्यानेच ती भांडी कपाटबंद करावीत, ही गंमत नजरेआड करवत नाही.

शिवाय नागोयाच्या नोरिताके कारखान्याचा हिशेब या सिद्धान्ताने लागत नाही. मोठी, सपाट, मधोमध न खचणारी ताटली साधेपर्यंत तेथे कित्येक वर्षे खटाटोप चालला, तेव्हा कोठे 1914 साली पहिला डिनर सेट सिद्ध झाला. आणि ज्या भोजनासाठी तो घडला, ते घडविणाऱ्यांच्या घरचे नव्हतेच, तेथे भात वाडग्यातून खाल्ला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय अंमल आला आणि 1952 पर्यंत कित्येक भांड्यांच्या पाठीवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का बसला. त्या काळातील एखादी ताटली पालथी केली, तर बुडाच्या खरबरीत कड्याच्या आत नोरिताकेऐवजी ‘रोज चायना’ हे नाव आढळते: माल पूर्वीच्या दर्जास उतरत नाही हे जाणून कारखान्याने 1946 पासून काही काळ आपले नावच मागे घेतले होते. इतका अब्रूदार व्यापारी कोणत्याही मुलखात विरळा.

मासाहिरो मोरी यांनी 1958 साली हासामीच्या हाकुसान कारखान्यासाठी आखलेली सोया सॉसची बाटली या ताटल्यांच्या अगदी उलट. ती स्वदेशाच्या मेजासाठी जन्मली, म्हणून तिचा वापर हेच तिचे सार्थक.

परक्याच्या मेजासाठी घडलेल्या ताटलीचे सार्थक मात्र त्या परक्याच्या भुकेवर का अवलंबून असावे? कारागिराचा तिच्याशी संबंध भट्टीपाशी आणि सोनेरी रेघेपाशी संपला. ती रेघ न झिजणे हाच त्याच्या हाताचा शिल्लक दस्तऐवज. मग ज्याला मी हव्यासी म्हटले, तो संग्राहक निदान पुराव्याचा राखणदार ठरतो. सुरीचे ओरखडे मालकाच्या घराची हकिकत सांगतात, आणि तशी हकिकत कोणत्याही फडताळात सापडेल. ‘रोज चायना’च्या पांढऱ्या अंगावर एखादा काळा ठिपका असेल, तर तो त्या ओढग्रस्तीच्या वर्षांतील भट्टीचा आहे, आणि त्याच्यावर वरण ओतण्यास मी आता राजी होणार नाही.